फाउस्तो कोप्पी : चढ आणि उतार

(बी. ए. भाग दोन)

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दूधवाला येतो, हँडलला डबा अडकवून जिनिंगच्या पाळीला निघालेला कामगार येतो, नाहीतर गावाच्या फाट्यापर्यंत डबलसीट जाणारी शाळकरी पोरे येतात. सायकल हे आपल्याकडे गरजेचे वाहन आहे. ती एखाद्याच्या अक्षय कीर्तीचे साधन होऊ शकते, हे सहसा आपल्या मनात येत नाही. युरोपात मात्र, विशेषतः फ्रान्स, बेल्जियम आणि इटली या देशांत, गेली शंभराहून अधिक वर्षे सायकलच्या शर्यतींना तो मान आहे, जो आपल्याकडे एकेकाळी कुस्तीच्या फडाला होता आणि आज क्रिकेटला आहे. तीन-तीन आठवडे चालणाऱ्या, हजारो किलोमीटर अंतराच्या, आल्प्ससारखे पर्वत ओलांडून जाणाऱ्या या शर्यती. त्यांच्या इतिहासात जी चार-दोन नावे अगदी वरच्या पंक्तीत बसतात, त्यांत इटलीच्या फाउस्तो कोप्पीचे नाव आहे.

कोप्पीची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक चढाची गोष्ट सांगतात. सर्वांना मागे टाकून एकटाच डोंगर चढणारा तो उंच, सडपातळ, लांब पायांचा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. ते स्वाभाविक आहे. चढावरचा घाम दिसतो, धाप ऐकू येते. पण चढलेला प्रत्येक घाट उतरावाही लागतो, आणि सायकलस्वाराचा घात होतो तो बहुधा उतारावर. कोप्पीचे चरित्र वाचत असताना मला असे जाणवले की, त्याच्या आयुष्याची कितीतरी महत्त्वाची वळणे कोणाच्या तरी पडण्यातून आली आहेत. कधी प्रतिस्पर्धी पडला, कधी तो स्वतः पडला, कधी त्याचा सख्खा भाऊ पडला. म्हणून या लेखात मी त्याच्याकडे उताराच्या बाजूने पाहणार आहे.

१५ सप्टेंबर १९१९ रोजी इटलीच्या वायव्य भागातील कास्तेल्लानिया या टेकडीवरच्या खेड्यात फाउस्तोचा जन्म झाला. वडील दोमेनिको हे शेतकरी, आई अँजिओलिना. पाच भावंडांत फाउस्तो चौथा. टेकडीच्या उतारावरची शेती, घरात खाणारी तोंडे पुष्कळ, अशी स्थिती आपल्याकडच्या कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरासारखीच होती. शरीराने हा मुलगा किरकोळ होता. छाती पुढे आलेली, पाय लांब, हाडे नाजूक. शाळेत त्याचे मन रमेना आणि शेतीतही रमेना. तेव्हा पोरवयातच तो जवळच्या नोवी लिगुरे या गावी एका खाटकाच्या दुकानात कामाला लागला. गिऱ्हाइकांच्या घरी मांस पोहोचवायचे काम सायकलवरून करायचे होते. नोवी लिगुरे ते कास्तेल्लानिया हा चढ-उताराचा रस्ता तो आल्यागेल्या तुडवू लागला. जहाजावर अधिकारी असलेल्या एका काकाने पैसे दिले आणि त्यातून त्याला शर्यतीची पहिली सायकल मिळाली.

याच गावात बिआजिओ काव्हान्ना नावाचा एक मालीशवाला होता. तो दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता, पण हाताने स्नायू चाचपून माणसाची पारख करीत असे. आपल्याकडच्या वस्तादाने पठ्ठा हेरावा तसा त्याने हा मुलगा हेरला. त्याच्या तालमीत फाउस्तो तयार झाला आणि १९४० साली लेन्यानो या नामांकित संघात त्याचा प्रवेश झाला. संघाचा नायक होता जिनो बार्ताली. इटलीची राष्ट्रीय शर्यत जिरो त्याने १९३६ आणि १९३७ साली जिंकली होती, आणि १९३८ साली फ्रान्सची तूर द फ्रान्सही. सायकलच्या शर्यतीत संघातील इतरांचे काम नायकाची सेवा करण्याचे असते. त्याच्यापुढे राहून वारा अडवायचा, पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, त्याचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून द्यायचे. वीस वर्षांचा कोप्पी अशा सेवेसाठीच संघात आला होता.

१९४० च्या जिरोत दुसऱ्याच दिवशी शर्यत घाट उतरत असताना एक कुत्रे रस्त्यात आडवे आले आणि बार्ताली त्यावर आदळून पडला. त्याला दुखापत झाली व तो मागे पडला. पुढे आपेनाइन पर्वतातील आबेतोनेच्या घाटात, पावसागारांत, कोप्पी एकटा पुढे निसटला आणि आघाडी त्याच्याकडे आली. ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. ९ जून १९४० रोजी तो जिरोचा विजेता ठरला, तेव्हा त्याला एकविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. दुसऱ्याच दिवशी इटलीने युद्धात उडी घेतली. एवढ्या लहान वयात हे यश मिळवणाऱ्या मुलाच्या कर्तृत्वाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण उतारावर एक कुत्रे आडवे आले नसते तर त्या वर्षी तो बार्तालीसाठी पाण्याच्या बाटल्याच वाहत राहिला असता, हेही तितकेच खरे.

उतार एवढा धोक्याचा का, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला फार समजावून सांगण्याची गरज नाही. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे खाली पूर्णेच्या सपाटीवर आहेत. म्हणजे बुलढाण्याहून तिकडे जायचे तर राजूर घाट उतरा, नाहीतर बोथ्याचा. मी मोताळ्याच्या बाजूचा असल्याने राजूर घाट मला ओळखीचा आहे. तिथे पायडल मारावेच लागत नाही. सायकल आपोआप धावू लागते आणि माणसाचे सगळे लक्ष दोन हातांतल्या ब्रेकवर येते. वळणापलीकडून एस. टी. येते आहे की मालट्रक, हे कळत नाही. रस्त्यावर खडी पसरली असेल तर चाक कधी निसटेल याचा भरवसा नाही.

यामागचे गणित साधे आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असतील तर ताशी २० किलोमीटर वेगाची सायकल ब्रेक लागल्यापासून तीनेक मीटरमध्ये थांबते. ४० च्या वेगाला बाराएक मीटर लागतात आणि ८० च्या वेगाला जवळजवळ पन्नास. आल्प्सच्या उतारांवर शर्यतीतले स्वार आज ताशी ८० ते १०० किलोमीटरने उतरतात, आणि पुढचे वळण पुष्कळदा पन्नास मीटरच्या आतच असते. दुसरी गोष्ट उष्णतेची. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरले, आणि ते हजार मीटर खाली आणले, तर जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढ्यात अडीच लिटर साधे पाणी उकळेल. यातला काही भाग वारा खातो. उरलेला सगळा ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये उष्णतेच्या रूपाने साठतो. शर्यतीच्या सायकलचे टायर त्या काळी रिमवर गोंदाने चिकटवलेले असत. रिम तापली की हा गोंद मऊ होई. म्हणून जाणता स्वार वळणात शिरण्यापूर्वी ब्रेक लावतो आणि वळणात तो सोडतो. नवखा माणूस भीतीने वळणातच ब्रेक आवळतो आणि तिथेच घसरतो.

कोप्पीच्या काळी यात आणखी भर होती. आल्प्समधले उंच घाट तेव्हा बहुतांशी कच्चे, मुरूम-खडीचे होते. स्वारांच्या डोक्यावर कापडी टोपी, नाहीतर तीही नाही. जादा टायर खांद्यांवरून आठाच्या आकड्यासारखे गुंडाळलेले. माथ्यावर पोहोचले की प्रेक्षकांच्या हातून वर्तमानपत्र घ्यायचे आणि उतारावरचा बोचरा वारा छातीत भरू नये म्हणून ते सदऱ्याच्या आत कोंबायचे. संरक्षण म्हणावे तर ते एवढेच!

महायुद्धाने कोप्पीची उमेदीची वर्षे खाल्ली. तरी १९४२ च्या नोव्हेंबरात त्याने मिलान शहराच्या बंदिस्त धावपट्टीवर एका तासात ४५ किलोमीटर ७९८ मीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला. त्यानंतर त्याला सैनिक म्हणून आफ्रिकेत पाठवण्यात आले. १९४३ साली ट्युनिशियात तो इंग्रजांच्या हाती लागला आणि युद्धकैदी झाला. १९४५ साली तो मायदेशी परतला. पुढच्याच वर्षी, १९४६ च्या मार्चमध्ये, मिलान ते सान रेमो ही शर्यत त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारापेक्षा चौदा मिनिटे आधी संपवली. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या, अन्नाला महाग झालेल्या देशाला तो विजय स्वतःचा वाटला, यात नवल नाही.

१९४९ हे त्याच्या कीर्तीचे शिखर. त्या वर्षीच्या जिरोत १० जूनला कुनेओ ते पिनेरोलो असा २५४ किलोमीटरचा टप्पा होता. मादालेना, व्हार्स, इझोआर, मोंजनेव्र आणि सेस्त्रिएरे असे पाच घाट एका दिवसात पार करायचे होते. कोप्पी पहिल्याच घाटावर निसटला आणि उरलेले १९२ किलोमीटर एकटा धावला. दुसरा आला बार्ताली, पण तब्बल ११ मिनिटे ५२ सेकंदांनी. या पराक्रमाचे वर्णन करताना पाच चढ सगळे मोजतात. त्या दिवशी पाच उतारही होते, आणि तेही त्याने एकट्यानेच उतरले, हे कोणी मोजत नाही. पुढे वाट दाखवायला कोणी नाही, पडलो तर मागून येणारा अकरा मिनिटे लांब, हातात फक्त दोन ब्रेक. चढ एकट्याने चढायला ताकद लागते. एकट्याने उतरायला फार मोठा संयम लागतो.

त्याच वर्षी कोप्पी पहिल्यांदाच तूर द फ्रान्समध्ये उतरला. कोप्पी आणि बार्ताली यांच्यात तोवर देश दुभंगला होता. बार्ताली धर्मनिष्ठ आणि जुन्या वळणाचा, तर कोप्पी आहार, सराव, साधने या सर्वांचा शास्त्रशुद्ध विचार करणारा. दोघांना एकाच राष्ट्रीय संघात बांधण्याचे अवघड काम जुना विजेता आल्फ्रेदो बिंदा याच्याकडे होते. ब्रियाँसों ते आओस्ता या टप्प्यावर दोघे बरोबरीने इतरांना मागे टाकून निघाले. आघाडीचा पिवळा सदरा बार्तालीच्या अंगावर होता. लिटल सेंट बर्नार्डचा घाट उतरताना बार्ताली पंक्चर झाला. कोप्पी त्याच्यासाठी थांबला. पुढे बार्ताली पडला आणि त्याचा घोटा मुरगळला. तेव्हा बिंदाने कोप्पीला पुढे जाण्याचा हुकूम केला. तो गेला, टप्पा जिंकला, पिवळा सदरा मिळवला, आणि पॅरिसला जवळजवळ अकरा मिनिटांच्या फरकाने विजयी झाला. एकाच वर्षी जिरो आणि तूर या दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिला माणूस. १९४० प्रमाणे १९४९ सालीही नशिबाचा काटा उतारावरच फिरला होता, आणि दोन्ही वेळी पडणारा बार्ताली होता.

कोप्पीवरही ती पाळी आली, आणि वारंवार आली. त्याची हाडे लवकर मोडत. १९४२ साली तासाच्या विक्रमाआधी त्याचे गळपट्टीचे हाड मोडले होते. १९५० च्या जिरोत तो पडला आणि कमरेचे हाड मोडल्याने कित्येक महिने अंथरुणाला खिळला. १९५१ च्या मार्चमध्ये पुन्हा गळपट्टीचे हाड मोडले. एवढे सोसूनही तो प्रत्येक वेळी सायकलवर परत बसला. मात्र १९५१ सालचा आघात वेगळाच होता.

फाउस्तोचा धाकटा भाऊ सेर्से हा त्याच्याहून साडेतीन वर्षांनी लहान. तोही व्यावसायिक स्वार होता. १९४९ साली पॅरिस ते रुबे या खडतर शर्यतीचे विजेतेपद त्याला एका फ्रेंच स्वाराबरोबर विभागून मिळाले होते. पण त्याची खरी ओळख फाउस्तोची सावली अशीच होती. फाउस्तो अबोल, चटकन खचणारा. सेर्से हसरा, बोलका, भावाला धीर देणारा. २९ जून १९५१ रोजी पिडमाँटच्या शर्यतीत, तुरिन शहरात शिरल्यावर, शेवट अगदी जवळ असताना सेर्सेचे चाक ट्रामच्या रुळात अडकले आणि तो डोक्यावर पडला. फार लागल्यासारखे दिसले नाही. तो उठला, शर्यत पुरी केली, हॉटेलवर गेला. काही वेळाने त्याचे डोके दुखू लागले. मेंदूत रक्तस्राव होत होता. त्याच दिवशी त्याचा अंत झाला. वय अवघे अठ्ठावीस!

येथे मला थांबून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. सेर्से ना कड्यावरून कोसळला, ना शंभराच्या वेगाने आदळला. शहरातल्या सपाट रस्त्यावर एका रुळाने त्याला पाडले. डोक्यावर संरक्षण नव्हते, आणि मार लागल्यावर त्याला लगेच डॉक्टरांकडे नेणारे कोणी नव्हते. त्या काळी पडलेला स्वार पायांवर उभा राहिला की तो ठीक आहे असे समजत. डोक्याच्या आत काय चालले आहे, हे उभ्या माणसाकडे पाहून कळत नाही, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला ठाऊक होती. शर्यतीच्या जगाने तिची दखल घेतली नव्हती.

भावाला पोहोचवून काहीच दिवसांत फाउस्तो त्या वर्षीच्या तूर द फ्रान्सला उभा राहिला. त्याचे मन शर्यतीत नव्हते. एका टप्प्यावर तो अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला. याच शर्यतीत हॉलंडच्या विम व्हान एस्टने पिवळा सदरा मिळवला आणि दुसऱ्याच दिवशी पिरेनीज पर्वतात ओबिस्कचा घाट उतरताना तो वळणावरून थेट दरीत, सुमारे ७० मीटर खाली गेला. दोर पुरेना, म्हणून संघाचे जादा टायर एकमेकांना बांधून त्याला वर ओढून काढले. तो वाचला हे दैव. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुढे जाहिरातीसाठी वापरले गेले. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या माणसाकडे एक गमतीदार किस्सा म्हणून पाहिले गेले, यातच त्या काळाची वृत्ती दिसते.

१९५२ साली कोप्पीने जिरो आणि तूर दोन्ही पुन्हा जिंकल्या. त्या वर्षी तूरमध्ये एक नवी गोष्ट झाली. काही टप्प्यांची अंतिम रेषा प्रथमच थेट डोंगरमाथ्यावर आखण्यात आली. आल्प द्युएझ, सेस्त्रिएरे आणि प्युई द दोम या तिन्ही ठिकाणी कोप्पीच पहिला आला, आणि शर्यत त्याने २८ मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली. हे करण्यामागे संयोजकांचा हेतू रंगत वाढवण्याचा होता. पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. अंतिम रेषा माथ्यावर असेल तर थकलेल्या माणसांना शेवटचा उतार जिवावर उदार होऊन उतरावा लागत नाही. तीच रेषा घाटाच्या पायथ्याच्या गावात आखली की प्रत्येक सेकंदासाठी माणसे उतारावर जीव टांगणीला लावतात. स्वार किती धोका पत्करणार, हे पुष्कळसे रस्ता आखणारा माणूस खोलीत बसून, नकाशावर बोट ठेवून ठरवत असतो. पडलेल्या स्वाराला बेफिकीर म्हणणे सोपे असते. नकाशावरचे ते बोट मात्र कोणाला दिसत नाही.

१९५३ साली कोप्पीने पाचव्यांदा आणि शेवटची जिरो जिंकली. स्वित्झर्लंडचा ह्युगो कोब्लेट जवळजवळ दोन मिनिटांनी पुढे होता. तो उतारावर कोप्पीपेक्षा धाडसी. चढावर गमावलेले उतारावर भरून काढायचा. १ जूनला शर्यत प्रथमच २७५८ मीटर उंचीच्या स्तेल्व्हिओ घाटावरून गेली. एका बाजूने अठ्ठेचाळीस वळणांचा चढ, दोन्ही कडांना बर्फाच्या भिंती, आणि पलीकडे बोर्मिओपर्यंत वीसएक किलोमीटरचा उतार. कोप्पीने चढावरच एवढे अंतर मिळवले की उतारावर त्याला घाई करण्याची गरज उरली नाही. तो बोर्मिओला साडेतीन मिनिटे आधी पोहोचला. माझ्या मते उताराच्या बाबतीत त्याचे शहाणपण या दिवशी सर्वांत स्पष्ट दिसले. जिथे आपली ताकद आहे तिथे कष्ट करावेत, आणि जिथे दैवाची सत्ता चालते तिथे त्याच्या हाती कमीत कमी द्यावे. त्याच वर्षी लुगानो येथे तो रस्त्यावरच्या शर्यतीचा जगज्जेता झाला.

यानंतरचा काळ उतरणीचा. पत्नी ब्रुना आणि मुलगी मारिना असताना त्याचे एका विवाहित स्त्रीशी संबंध जुळले. तेव्हाच्या इटलीत घटस्फोट नव्हता आणि व्यभिचार हा गुन्हा होता. खटला झाला, शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी त्या दोघांच्या अब्रूची लक्तरे टांगली. त्यांचा मुलगा १९५५ साली परदेशात, अर्जेंटिनात जन्मला. या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यात शिरत नाही. चाळिशीला आलेला कोप्पी शर्यतीत मागे मागे पडत होता, तरी सायकल सोडत नव्हता.

१९५९ च्या डिसेंबरात तो काही फ्रेंच स्वारांबरोबर पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासो, या देशात एका प्रदर्शनीय शर्यतीसाठी गेला. बरोबर जाक आंक्तिल, राफाएल जेमिनियानी आणि तरुण रोजे रिव्हिएर होते. शर्यत झाली, शिकार झाली. एका खोलीत कोप्पी आणि जेमिनियानी झोपले होते आणि तिथे डास होते. घरी परतल्यावर दोघेही तापाने फणफणले. जेमिनियानीच्या रक्ताची फ्रान्समध्ये तपासणी झाली, जीवघेण्या प्रकारचा हिवताप निघाला, क्विनीन दिले गेले आणि तो वाचला. तो पुढे २०२४ सालापर्यंत जगला. त्याच्या घरच्यांनी इटलीला निरोपही पाठवला होता. पण कोप्पीच्या डॉक्टरांनी तो मनावर घेतला नाही. ते छातीचा विकार समजून उपचार करीत राहिले. २ जानेवारी १९६० रोजी सकाळी तोर्तोना येथील रुग्णालयात फाउस्तो कोप्पी वारला.

स्तेल्व्हिओ, इझोआर, गालिबिए असे घाट टोपीशिवाय उतरलेला माणूस शेवटी डासाने नेला! सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या माणसाला हिवताप काय असतो हे सांगावे लागत नाही. क्विनीनला आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने कोयनेल असे घरगुती नाव देऊन टाकले होते. डासातून हा रोग पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉसला आपल्याच सिकंदराबादेत १८९७ साली सापडला होता. म्हणजे कोप्पी गेला तेव्हा हे ज्ञान साठ वर्षांहून जुने होते, औषध स्वस्त होते, रोगाचे नाव कळवणारा निरोप हाताशी होता. सेर्सेच्या वेळी असेच झाले होते. दोन्ही भाऊ आज कास्तेल्लानियात शेजारी शेजारी विसावले आहेत. त्या दोघांच्याही मृत्यूला जगात उपाय नव्हता असे नाही. उपाय होता, तो वेळेवर वापरला गेला नाही. कोप्पीच्या चरित्रातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे.

कोप्पीनंतर तरी जग शहाणे झाले का? आफ्रिकेत त्याच्याबरोबर असलेला रिव्हिएर तासाच्या विक्रमाचा मानकरी होता. १० जुलै १९६० रोजी, कोप्पीला जाऊन सहा महिने झाले होते तेव्हा, तो तूरमध्ये पेर्ज्युरेच्या घाटात नेन्चिनी या पट्टीच्या उतरणाऱ्याचा पाठलाग करताना कठडा ओलांडून खाली कोसळला. पाठीचा कणा मोडला आणि चोविसाव्या वर्षी तो कायमचा अपंग झाला. वेदनाशामक औषधाने बोटे बधिर झाल्यामुळे त्याला ब्रेक दाबता आला नाही, असे पुढे मानले गेले. १९९५ साली बार्सिलोना ऑलिंपिकचा विजेता फाबिओ कासार्तेल्ली पोर्ते दास्पेच्या उतारावर पडून, डोके रस्त्याकडेच्या दगडी ठोकळ्यावर आपटून मेला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. १९९१ सालीच शिरस्त्राण सक्तीचे करण्याचा प्रयत्न झाला होता, पण खुद्द स्वारांनीच उकाड्याचे कारण सांगून संप केला आणि नियम मागे घेतला गेला. २००३ साली आंद्रेई किव्हिलेव्ह हा स्वार डोक्याला मार लागून गेला, तेव्हा कुठे सक्ती झाली. सेर्सेच्या मृत्यूपासून मोजले तर बावन्न वर्षे लागली!

शिरस्त्राणाने सगळे प्रश्न सुटले असेही नाही. २०११ साली बेल्जियमचा वाउटर वेलांट जिरोतील एका उतारावर गेला, २०२३ साली स्वित्झर्लंडचा जिनो मेडर आल्बुलाच्या उतारावर गेला. २०२४ साली झुरिकच्या जागतिक स्पर्धेत अठरा वर्षांची म्युरिएल फुरर ओल्या उतारावर, जंगलात पडली, आणि ती पडली आहे हे बराच वेळ कोणाच्या लक्षातच आले नाही. त्यानंतर स्वार कोठे आहे हे सांगणारी यंत्रे सायकलींना लावण्यास सुरुवात झाली. २०२१ पासून उतारावर सायकलच्या आडव्या दांड्यावर बसून वेग वाढवण्याची पद्धत बंद करण्यात आली. धोक्याच्या वळणांवर गाद्या लावतात, शिट्टी आणि झेंड्याने सूचना देतात. प्रत्येक सुधारणेच्या मागे कोणाचे तरी नाव आहे, ही यातली खंत.

आता हा खेळ आपल्या दारात आला आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि तिचा बोरघाट महाराष्ट्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यतही झाली. उद्या आपल्या राजूर घाटातूनही कोणी शर्यत नेईल, आणि आपल्यातलाच एखादा दूध घालणारा मुलगा कोप्पीसारखा पुढे निसटेल. त्याला आनंदाने टाळ्या वाजवाव्यात. पण शर्यत आखणाऱ्याने खडी झाडली का, कठडे झाकले का, डॉक्टर कोठे उभा आहे आणि अंतिम रेषा कोठे मारली आहे, हे त्याआधी विचारावे. १९६५ पासून जिरोतील सर्वांत उंच घाटमाथ्याला कोप्पीचे नाव दिले जाते. तो मान चढणाऱ्याचा आहे आणि तो त्याला शोभतो. मला मात्र असे वाटते की, कोप्पी बंधूंचे खरे स्मरण माथ्यापेक्षा माथ्यापलीकडच्या पहिल्या वळणावर व्हायला हवे, जिथे स्वाराचे पाय थांबतात आणि त्याचा जीव इतरांनी घेतलेल्या काळजीवर अवलंबून राहू लागतो.